बॅटरी निर्दोष आहे

वास्को शहरात बंद पडलेल्या मोटारीचे बोनेट उघडले की पाच मिनिटांत निकाल लागतो. निकाल एकच असतो: बॅटरी गेली. तो द्यायला गाडीची माहिती लागत नाही, मालकाची परवानगी लागत नाही आणि बॅटरीकडे बघावेही लागत नाही. बायणा असो, सडा असो, मांगोर हिल असो की चिखलीचा रस्ता असो, सेल्फ मारला आणि इंजिन उठले नाही की जाणारा-येणारा मोटारसायकल पायलट, म्हणजे दुचाकीचा टॅक्सीवाला, थांबतो, हेल्मेट न काढताच आत डोकावतो आणि म्हणतो, ‘‘बॅटरी डाउन जाल्या.’’ मग कुठून तरी दुसरी गाडी येते, तिच्या डिकीतून केबल निघते, लाल-काळे चिमटे लागतात, पुन्हा सेल्फ मारला जातो आणि गाडी ‘टक्’ एवढेच बोलून गप्प बसते. इथपर्यंतचा प्रसंग प्रत्येक गाडीवाल्याच्या ओळखीचा आहे. मला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या दोन मिनिटांबद्दल. कारण त्या दोन मिनिटांत तोच पायलट तेवढ्याच खात्रीने वरच्या कोर्टाचा निकाल देतो: ‘‘बॅटरी पुराय गेल्या. नवी घाल.’’

या निकालातली गंमत कुणाच्या ध्यानात येत नाही. जंप द्यायचा म्हणजे आपल्या बॅटरीचे काम तेवढ्यापुरते दुसऱ्याच्या बॅटरीकडून करून घ्यायचे. समोर धडधाकट गाडी चालू आहे, तिचा अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास देतो आहे, आणि तरी आपले इंजिन तसूभर हलत नाही. म्हणजे ज्या आरोपीवर पहिल्यापासून ठपका आहे, त्याच्या जागी दुसरा उभा केला तरी गुन्हा तसाच घडला, हे सगळ्या जमावाने डोळ्यांनी पाहिले. तरी शिक्षा पहिल्यालाच, आणि आता जन्मठेपेऐवजी फाशी. माझा दावा असा आहे की जंप देऊनही न उठणाऱ्या गाडीत सहसा विजेचा तुटवडा नसतो. वीज असते, ती सेल्फपर्यंत पोचत नाही. अडते जोडणीत, आणि आपले उपाय पाहावेत तर सगळे वीज वाढवण्याचे. समोरच्याला ‘रेस वाढव’ म्हणून ओरडणे, त्याहून मोठी गाडी बोलावणे, त्याहून मोठ्या गाडीचा मालक ओळखीचा आहे म्हणून फोन लावणे, आणि शेवटी नवी बॅटरी.

हा दावा हवेत नको म्हणून थोडा हिशेब. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभर-दोनशे अँपिअर ओढतो. घरातल्या पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही, यावरून भूक किती ते कळावे. आता बॅटरीचा खुंट आणि त्यावर बसणारा क्लॅम्प यांच्यामध्ये पांढरी पुडी साठली आहे आणि तिचा विरोध एका ओहमचा फक्त पन्नासावा भाग आहे असे धरू. हा विरोध इतका लहान की साधा मीटरही तो नीट दाखवत नाही. पण त्यातून १५० अँपिअर न्यायचे म्हटले, तर ३ व्होल्ट त्या पुडीतच जिरतात. मुळात इंजिन फिरवताना चांगल्या बॅटरीचेही व्होल्टेज साडेदहाच्या आसपास उतरते. त्यातून ३ वजा केले की सेल्फच्या वाट्याला साडेसात उरतात. तेवढ्यात तो इंजिन काय फिरवणार? सोलेनॉइड आत ओढला जातो, ‘टक्’ असा आवाज होतो आणि संप. १२ व्होल्टच्या बॅटरीच्या तोंडचा घास काढून घेणारी ही पुडी चिमूटभर असते. ती लेड सल्फेटची असते. तांब्याच्या तारेपर्यंत पोचली की हिरवट-निळी होते, आणि दिसायला इतकी देखणी की बोनेट उघडणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघून पुढच्या गोष्टीकडे वळतो.

इथे जमावातला दुसरा तज्ज्ञ पुढे येतो. तो हॉर्न वाजवतो. हॉर्न ठणठणीत वाजतो. मग तो हेडलाइट लावतो, तेही लखलखीत. ‘‘वीज तर आहे की!’’ असे म्हणून तो बॅटरीला संशयाचा फायदा देतो आणि सेल्फच्या मोटरकडे बोट दाखवतो. दोन्ही तज्ज्ञ इथे परस्परविरोधी बाजू लढवतात आणि दोघेही अर्धे बरोबर असतात. हॉर्नला ४-५ अँपिअर लागतात. त्याच पुडीतून ५ अँपिअर नेले तर तिथे एक दशांश व्होल्ट जिरतो, म्हणजे हॉर्नला पत्ताही लागत नाही. हॉर्न वाजला यावरून एवढेच सिद्ध होते की हॉर्न वाजतो. आपल्याकडे गाडीच्या तब्येतीची परीक्षा हॉर्नवर करण्याची पद्धत आहे, कारण गाडीच्या ज्या अवयवाचा आपण सर्वांत जास्त वापर करतो त्यावरच आपला सर्वांत जास्त विश्वास असतो. खरी परीक्षा सोपी आहे. हेडलाइट लावून सेल्फ मारावा आणि लाइटकडे पाहावे. लाइट मेणबत्तीवर आला तर बॅटरी खरोखरच खचली आहे किंवा तिच्या खुंटावरची जोडणीच अडली आहे. लाइट जसाच्या तसा राहिला आणि इंजिन हलले नाही, तर प्रवाह सेल्फकडे गेलाच नाही. ही परीक्षा करायला दोन माणसे लागतात: एक आत बसणारा आणि एक समोर गप्प उभा राहणारा. दुसरा माणूस वास्कोत मिळणे कठीण, म्हणून ती कुणी करत नाही.

ही पुडी सगळीकडेच साठते, पण वास्कोच्या मुरगाव तालुक्यात ती साठायला जरा जास्त राजी असते. तालुक्याला तीन बाजूंनी पाणी. सड्यावर, हेडलँडवर, बायण्यात समुद्राचा खारा वारा दाराशी उभा. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, तोही मुख्यतः चार महिन्यांत. आणि उरलेल्या आठ महिन्यांत बंदरातल्या कोळशाची काळी भुकटी, जिच्याविरुद्ध वास्कोकरांनी कितीतरी सभा आणि मोर्चे काढले. बॅटरीतून निघणारी आम्लाची वाफ, खारी ओल आणि धूळ यांचा थर तिच्या माथ्यावर बसला की त्यातूनही थोडीथोडी वीज झिरपत राहते. त्याहून वाईट म्हणजे अर्थची पट्टी. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणारी तांब्याची विणलेली पट्टी असते; सेल्फची सगळी वीज परत येते ती याच वाटेने. ती खाली, अंधारात, चिखल आणि खार यांच्या हद्दीत असते. लाल तारेकडे सगळे बघतात, कारण ती लाल आहे. मायनसची चौकशी कुणी करत नाही. जंप देताना काळा चिमटा मालकाने आपल्या बॅटरीच्या मायनसवरच लावला, आणि तिथून पुढची पट्टी गंजली असेल, तर दहा गाड्यांची वीज आणली तरी ती दारापर्यंत येऊन परत जाणार. म्हणूनच काळा चिमटा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब लावायचा असतो. पुस्तकात त्याचे कारण हायड्रोजन असे दिलेले असते: बॅटरीतून तो निघतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते. ते कारण खरेच आहे. पण या किनाऱ्यावर त्याचा दुसरा फायदा मोठा आहे, तो म्हणजे गंजलेली पट्टी आपोआप वगळली जाते.

आता मुरगावातली खास जात: उभी गाडी. या तालुक्यात आणि साऱ्या गोव्यात तारवट्यांची घरे पुष्कळ. माणूस बोटीवर सहा-नऊ महिने, आणि पोर्चमध्ये ताडपत्रीखाली त्याची मोटार. गाडी बंद असली तरी तिच्यातले घड्याळ, अलार्म, रिमोटने दार उघडण्याचा पहारेकरी जागा असतो. त्यांचे मिळून ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला पाऊण अँपिअर-तास जातात. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे दीड महिन्यात सगळा गल्ला रिकामा. त्यानंतर उरलेले महिने ती रिकामीच पडून राहते, आत शिश्याच्या पाट्यांवर सल्फेट कडक होत जाते. यावर घरोघरी एक उपाय ठरलेला आहे. जाताना भावाला नाहीतर मेव्हण्याला सांगून ठेवायचे, ‘‘आठवड्याला एकदा चालू करून ठेव.’’ मेव्हणा इमानाने दर रविवारी मासळी आणून झाल्यावर येतो, पाच मिनिटे इंजिन चालू ठेवतो, स्वतःच्या कर्तव्यावर खूश होऊन बंद करतो. त्या पाच मिनिटांत जागच्या जागी चालणारा अल्टरनेटर सेल्फने घेतलेले फेडतो, फार तर चार चमचे वर घालतो. आठवड्याचा खर्च तसाच राहतो. गाडी हळूहळू बुडत जाते आणि मेव्हण्याचे नाव मात्र निष्कारण खराब होते. मायनसचा क्लॅम्प काढून ठेवला असता तर मेव्हणाही सुटला असता. पण क्लॅम्प काढून ठेवण्यात कुणावर उपकार केल्याचे समाधान नाही.

बोटीवरच्या या माणसाबद्दल मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटते. जहाजावर डेकवर काम करणाऱ्याचा अर्धा जन्म ‘चिपिंग’मध्ये जातो. गंज खरवडायचा, घासायचा, रंग द्यायचा. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिले टोक गंजलेले असते, की पुन्हा तिथून सुरुवात. खारट हवेत लोखंडाचे काय होते, यावर त्याच्याएवढा अधिकारी माणूस कोणत्याही गॅरेजात सापडणार नाही. तो रजेवर घरी येतो, ताडपत्री काढतो, बोनेट उघडतो, त्या पांढऱ्या-हिरव्या मोहराकडे बघतो आणि म्हणतो, ‘‘बॅटरी गेली.’’ इंजिनरूममधला असला तर आणखी एक वाक्य जोडतो: ‘‘आमच्या इंजिनाला बॅटरी लागतच नाही.’’ तेही खरे आहे. मोठ्या जहाजाचे मुख्य डिझेल इंजिन साधारण ३० बार दाबाची हवा सिलिंडरांत सोडून फिरवतात. पण ती माहिती अल्टोला लागू करता येत नाही, आणि तोवर केबल घेऊन आलेला शेजारी ताटकळत असतो.

उभ्या गाडीचा धडा मुरगावापेक्षा डिचोलीने जास्त महागात गिरवला आहे. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. मग ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि पुन्हा सगळे ठप्प झाले. खनिज बार्जपर्यंत नेणारे टिपर डिचोली, सत्तरी, सांगे भागांत अंगणांत, शेतांच्या कडेला, रस्त्यांच्या वळणांवर उभे राहिले. ज्यांचे हप्ते चालू होते त्यांना यात हसण्यासारखे काही नव्हते, आणि मीही हसत नाही. पण उभे वाहन कशाने मरते याचा एवढा मोठा प्रयोग दुसरीकडे झाला नसेल. बॅटरी तर पहिल्या पावसाळ्यातच जाणार होती. तिच्यामागोमाग गंजतात त्या अर्थच्या पट्ट्या, तारांच्या लगवरचे नट आणि सेल्फच्या तारेची टोके. नव्या बॅटरीने पहिले दुखणे जाते, दुसरे जात नाही. पेडण्याच्या लोकांनी तर आता हा विषय नीट अभ्यासायला हवा. त्यांच्या तालुक्यातला मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून चालू आहे, आणि विमानतळ म्हणजे दुसऱ्या बाजूने पाहिले तर उभ्या गाड्यांचा तालुकाच.

टिपरचे नाव निघालेच आहे तर एका धोक्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण ‘मोठी वीज म्हणजे चांगली वीज’ हा समज इथे विनोदाच्या हद्दीबाहेर जातो. बंद गाडीभोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी रस्त्याने जाणारा ट्रक थांबवतो. ट्रकवाला सज्जन असतो, लगेच उतरतो. ‘‘त्याची बॅटरी बघ केवढी!’’ अशी दाद मिळते. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणजे एकूण २४ व्होल्ट. मोटारीत १२. दोन्ही टोकांना केबल लावली की मोटारीचा कॉम्प्युटर, म्युझिक सिस्टिम आणि दिवे दुप्पट व्होल्टेज पाहतात आणि त्यांतले काही पुन्हा काहीच पाहत नाहीत. मग बॅटरीचे पाच हजार वाचवायला निघालेला माणूस कॉम्प्युटरचे बिल हातात घेऊन बसतो. ट्रकवाल्याला चहा पाजावा, आभार मानावेत आणि जाऊ द्यावे. प्लस-मायनस उलटे लावण्याचा परिणामही साधारण एवढाच बोलका असतो, फक्त तो ठिणग्यांसह होतो.

जोडणीचाच विचार करायचा तर ती केबलही तपासायला हवी, जिला कुणी तपासत नाही कारण ती मदत म्हणून आलेली असते. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त केबलचे रबर अंगठ्याएवढे जाड आणि आतली तार करंगळीच्या नखाएवढीही नसते. पुष्कळदा ती तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनिअमची असते. सेल्फ मारला की ती हाताला गरम लागते. ती ऊब म्हणजे आपल्या इंजिनाच्या वाट्याची वीज. अशी केबल थेट सेल्फ फिरवू शकत नाही, पण बंद बॅटरी थोडी भरू शकते. म्हणून समोरची गाडी चालू ठेवून पाच-दहा मिनिटे काहीही न करता थांबायचे असते. रस्त्यावर यासारखा अवघड उपाय दुसरा नाही. चिमटा लागल्याच्या पुढच्याच सेकंदाला चार तोंडांतून ‘‘मार, मार!’’ निघते. जुवारीच्या जुन्या, दुपदरी पुलावर एखादी गाडी अडली की दक्षिण आणि उत्तर गोवा दोन्ही बाजूंना तुंबायचे, तेव्हा ही घाई समजण्यासारखी होती. २०२२ आणि २०२३ च्या डिसेंबरांत नव्या पुलाचे दोन्ही भाग खुले झाले. आता बाजूने गाड्या निघून जातात, त्यामुळे अडलेल्या माणसाला वेळही मिळतो आणि सल्लेही कमी मिळतात. मला वाटते वाहतुकीच्या सोयीखेरीज त्या पुलाचा हा मोठाच उपयोग आहे.

यावर सर्वांत मोठा आक्षेप अनुभवाचा आहे. नवी बॅटरी घातली की गाडी खरोखर सुरू होते, हे हजारो लोकांनी पाहिले आहे. मग तुमचा हिशेब घेऊन काय करायचे? आक्षेप वजनदार आहे, पण नवी बॅटरी बसवताना बॅटरीवाला काय काय करतो ते पाहा. तो दोन्ही क्लॅम्प सोडवतो. ब्रशने किंवा पॉलिश पेपरने आतून लख्ख घासतो. नवे, चकचकीत खुंट समोर येतात, त्यांवर क्लॅम्प बसवून तो पान्याने घट्ट आवळतो, वर पेट्रोलियम जेलीचे बोट फिरवतो. म्हणजे जोडणीचा संपूर्ण इलाज तो करतो, आणि सोबत बॅटरी विकतो. गाडी उठते. श्रेय कुणाला? बिलावर जिचे नाव असते तिला. घासण्याचे पैसे कुणी लावत नाही, म्हणून घासण्याने काही झाले असे कुणाला वाटत नाही. बॅटरीवाला यात लबाडी करतो असे मी म्हणत नाही. तो आपले काम नीट करतो. लबाडी असलीच तर ती आपल्या तर्काची आहे. घासून, आवळून आधी एकदा सेल्फ मारून पाहिला आणि मगच बॅटरी बदलली, असे करणारा गाडीवाला मिळाला तर त्याचा सत्कार केला पाहिजे, आणि भाषण न करता.

दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा: ‘‘धुकलून पळय.’’ ढकला, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडा, गाडी उठते, मग हे ओहम कशाला? त्यांचे म्हणणे मी मान देऊन ऐकतो. १९१२ मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा सेल्फ बसवला तोवर जगभर माणसे बोनेटपुढे उभी राहून हँडलच मारत होती, आणि आपल्याकडे तर अँबॅसिडरच्या सोबत हँडल कितीतरी वर्षे आले. वास्कोत चढ-उतारांची कमी नाही. सड्यावर आणि मांगोर हिलवर उतारावर तोंड करून लावलेल्या गाड्या दिसतात, त्या सगळ्याच जागेअभावी तशा लावलेल्या नसतात. पण ढकलून गाडी उठली, तर तीही माझ्याच बाजूची साक्ष आहे. ढकलल्याने सेल्फ वगळला जातो. ठिणगीला आणि पेट्रोलच्या पंपाला लागणारी थोडकी वीज त्या पुडीतून आरामात जाते. मोठी वीज लागतच नाही. म्हणजे बॅटरीत थोडा तरी जीव होता, आणि अडथळा वाटेत असू शकतो. शिवाय ढकलणे हा इलाज आता पुष्कळ गाड्यांना लागू पडत नाही. ऑटोमॅटिक गाडी ढकलून चालू होत नाही, फक्त पुढच्या वळणापर्यंत जाते. तिथे नवा जमाव जमतो.

तिसऱ्या आक्षेपापुढे मी अर्धे हत्यार खाली ठेवतो. बॅटरी खरोखर मरते. उष्ण हवेत तिचे आयुष्य कमी होते. तीन-चार वर्षांनंतर तिने राजीनामा दिला तर तक्रार करू नये. सहा घरांपैकी एक आतून शॉर्ट झाले तर बारा-साडेबाराऐवजी साडेदहा व्होल्ट दिसतात, आणि अशी बॅटरी जंपची वीजही गिळत बसते; तिथे ती आरोपीच आहे. पण हे ठरवायला दोनचारशे रुपयांचा मल्टिमीटर आणि कान पुरतात. कान महत्त्वाचा. सेल्फ मारल्यावर ‘टकटकटकटक’ अशी घाईची टकटक आली तर वीज कमी पडते आहे: बॅटरी किंवा जोडणी. एकच जड ‘टक्’ आला तर जोडणी, सोलेनॉइड किंवा सेल्फची मोटर. काहीच आवाज नाही, तर आधी गिअर पाहा. ऑटोमॅटिकचा दांडा ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्ये नसेल तर गाडी शिस्तीने नकार देते, आणि काही गाड्या क्लच दाबल्याशिवाय ऐकत नाहीत. आणि इंजिन जर ‘खुर्र खुर्र’ करत जोमाने फिरते आहे पण पेट घेत नाही, तर तिथे जंप द्यायला गेलेला प्रत्येक माणूस वेळ वाया घालवतो आहे. बॅटरी आपले काम करून मोकळी झाली. आता पेट्रोल, ठिणगी किंवा डॅशबोर्डवर लुकलुकणारा किल्लीचा दिवा यांची चौकशी करा. पेट्रोल संपलेल्या गाडीला केबल लावणारे लोक गोव्यात आहेत, आणि ते सगळे आत्मविश्वासाने लावतात.

शेवटचा आक्षेप भविष्यकाळातून येतो: विजेच्या मोटारी आल्या की हा सगळा तमाशा बंद. नाही हो. विजेच्या गाडीच्या पोटात तीन-चारशे व्होल्टचा भलामोठा संच असतो, पण तो जागा करण्याचे काम एका छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीकडे असते. दारे, कॉम्प्युटर आणि मोठ्या संचाचे स्विच तिच्याच हुकमतीत. ती उतरली की पोटभर चार्ज झालेली वीस लाखांची गाडी रिमोटने दारसुद्धा उघडत नाही. सेल्फ नाही, त्यामुळे ‘टक्’ही नाही, निकाल द्यायला आवाजही उरत नाही. पण पायलट थांबेल, हेल्मेट न काढता आत डोकावेल आणि या वेळी मात्र त्याचे बरोबर निघण्याची शक्यता पुष्कळ असेल.

तोवर ज्यांच्याकडे साधी गाडी आहे त्यांना, विशेषतः ज्यांचे माणूस बोटीवर आहे त्या घरांना, एवढीच विनंती. नव्या बॅटरीसाठी फोन लावण्याआधी बहुतेक गाड्यांना चालणारा १० नंबरचा पाना घ्या. हातातली अंगठी काढा. आधी मायनसचा क्लॅम्प सोडवा, मग प्लसचा. कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून पुडी धुवा, पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. कोरडे करा, घासा. लावताना क्रम उलटा: आधी प्लस, मग मायनस. दोन्ही इतके आवळा की हाताने फिरणार नाहीत. नंतर सेल्फ मारा. तरी ‘टक्’च आला, तर पायलटला बोलवा, त्याला हेल्मेट काढायला सांगा.